पाणी ओसरले तरी पडद्यावर का राहते?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही मुंबईत नोकरी करता आणि तुमच्या आई बार्शीला एकट्या राहतात. जुलैमधल्या एका दुपारी त्यांचे तुम्हाला लागोपाठ पाच फोन आले, कारण घरातल्या टीव्हीवर सकाळपासून 'मुंबईची तुंबई' चालू होते आणि माणसे मांडीभर पाण्यातून वाट काढताना दिसत होती. तुमच्या कार्यालयाच्या खिडकीबाहेर मात्र रिमझिम होती, लोकल चालू होत्या आणि तुम्ही नुकताच जेवणाचा डबा उघडला होता. या वाहिन्या धडधडीत खोटे दाखवतात का, हे सगळे टीआरपीसाठीच चालते का, आणि आईंना नेमके काय समजावून सांगावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी मराठी वृत्तवाहिन्यांमध्ये सोळा वर्षे काढली. सुरुवातीला डेस्कवर बातम्या लिहीत असे. पुढे आउटपुट विभागात गेले आणि शेवटची बरीच वर्षे रनडाऊन लावणे, म्हणजे बुलेटिनमध्ये कोणती बातमी कितव्या क्रमांकावर आणि कोणत्या स्वरूपात जाईल हे ठरवणे, हेच माझे काम होते. जी पट्टी वाचून तुमच्या आई घाबरल्या, तशा पट्ट्या मी स्वतः शेकड्यांनी लिहिल्या आहेत, तेव्हा हे उत्तर तटस्थ निरीक्षकाचे आहे असे कृपया समजू नये.

आधी एक गोष्ट मान्य करते. सगळ्या वाहिन्या सारख्या वागत नाहीत आणि एकच वाहिनीही दिवसभर सारखी वागत नाही. पाळीवर कोण आहे, त्या दिवशी दुसरी मोठी बातमी आहे का, किती वार्ताहर रस्त्यावर आहेत, यावर पडदा बदलतो. अधिवेशन चालू असेल तर तोच पाऊस चौथ्या क्रमांकावर जातो. सुट्टीचा रविवार असेल तर तोच पाऊस सहा तास चालतो. म्हणून पुढे जे सांगते ते माझ्या अनुभवातले सर्वसाधारण चित्र आहे.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न खऱ्याखोट्याचा नसून मापाचा आहे. तुमच्या आईंनी पाहिलेले पाणी बहुधा खरेच होते. पण ते कोठले, किती वाजताचे आणि केवढ्या भागातले, ही तीन मापे रस्त्यापासून पडद्यापर्यंतच्या प्रवासात एकेक करून गळून पडली. ती कोणी एकाने बसून पुसली असे नाही. प्रत्येक टेबलावरच्या माणसाने आपले काम नीट केले, तरीही ती गळतात. ते कसे, हे सांगण्यासाठी पावसाळ्यातली एक सकाळच उलगडून दाखवते.

पहाटे साडेपाचच्या सुमारास असाइनमेंट डेस्कवरून वार्ताहरांना फोन जाऊ लागतात. कोण कोठे पाठवायचा हे ठरलेलेच असते: हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे. या जागा सखल आहेत, तेथे पाणी साचण्याची शक्यता सर्वाधिक असते, ओबी व्हॅन, म्हणजे थेट प्रक्षेपणाची गाडी, कोठे लावायची हे चालकाला पाठ असते आणि मुंबई कधीही न पाहिलेल्या प्रेक्षकालाही ही नावे वर्षानुवर्षे ऐकून ओळखीची झालेली असतात. वार्ताहराला पाठवायचे तर जेथे बातमी मिळण्याची खात्री आहे तेथेच पाठवणार, हे व्यवहाराला धरूनच आहे. पण याचा परिणाम असा, की अवाढव्य पसरलेल्या शहराची स्थिती आपण त्याच्या चार सर्वांत खोलगट खड्ड्यांवरून मोजू लागतो.

मग कॅमेरा लागतो. कॅमेरामन अनुभवी असेल तर तो तिवई जेवढी खाली घेता येईल तेवढी घेतो आणि लांबून लेन्स ओढतो. त्यामुळे शे-दीडशे फुटांचे पाणी एकावर एक दाबल्यासारखे दिसते आणि मागचे उड्डाणपूल, अडकलेली टॅक्सी, छत्री धरलेली बाई हे सगळे एकाच तळ्यात उभे असल्यासारखे वाटते. वार्ताहर स्वतः जेथे पाणी सर्वांत जास्त तेथे जाऊन उभा राहतो. त्याच्या उजवीकडे दहा पावलांवर चहाची टपरी कोरड्या फुटपाथवर चालू असते, पण ती चौकटीत येत नाही. एकदा मी पीसीआरमधून, म्हणजे प्रक्षेपणाच्या नियंत्रण कक्षातून, वार्ताहराच्या कानातल्या टॉकबॅकवर त्याला सांगितले होते, की जरा कॅमेरा फिरवून आजूबाजूचेही दाखव. त्याने प्रामाणिकपणे फिरवला. पडद्यावर वडापाव खात उभी असलेली चार माणसे दिसली, ती कॅमेऱ्याकडे पाहून हसली, आणि माझ्या शेजारी बसलेल्या वरिष्ठांनी लगेच दुसरी विंडो, म्हणजे पडद्यावरचा दुसऱ्या दृश्याचा चौकोन, घ्यायला सांगितली. बातमीतली हवाच गेली, हे त्यांचे शब्द. त्या दिवशी मला राग आला होता. पुढे त्या खुर्चीवर बसले तेव्हा मीही तेच करू लागले.

आता सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येते, कारण तुमच्या आईंची फसगत बहुधा येथेच झाली असणार. सकाळी सातला आलेल्या दृश्यांतून संपादक वीस ते चाळीस सेकंदांचा एक तुकडा कापतो आणि तो पुन्हा पुन्हा फिरत राहील असा लावतो. याला आम्ही लूप म्हणतो. पुढे दिवसभर अँकर बोलत असो, एखाद्या अधिकाऱ्याचा फोनो, म्हणजे फोनवरून थेट बोलणे, चालू असो किंवा वार्ताहर थेट बोलत असो, शेजारच्या विंडोत हा लूप चालूच राहतो. दुपारी एक वाजता पडदा साधारण असा असतो: डावीकडे वार्ताहर, उजवीकडे दोन किंवा तीन विंडो, वर कोपऱ्यात 'लाइव्ह'. वार्ताहर खरोखरच थेट बोलत असतो, म्हणून 'लाइव्ह' हा शब्द तांत्रिकदृष्ट्या चुकीचा नसतो. पण तो शब्द फक्त डावीकडच्या चौकोनाला लागू आहे आणि उजवीकडचे पाणी सकाळी सातचे आहे, हे प्रेक्षकाला कसे कळावे? त्यातही तीन विंडोंपैकी दोन एकाच चौकाच्या असतात, एक समोरून आणि एक बाजूच्या इमारतीच्या गच्चीवरून. पाहणाऱ्याला वाटते, तीन ठिकाणी पाणी आहे.

'सकाळची दृश्ये' अशी खूण लावायची पद्धत होती आणि आहे. पण ही खूण ग्राफिक्सच्या साच्यात वेगळी भरावी लागते, आणि पाळी बदलली, साचा बदलला, की सर्वांत आधी तीच निसटते. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये खासगी वाहिन्यांना याच मुद्द्यावर सूचना केली होती, की नैसर्गिक आपत्ती आणि मोठे अपघात यांची दृश्ये दाखवताना त्यांवर दिनांक आणि वेळ टाकावी, कारण घटनेच्या दिवशीची दृश्ये नंतर कित्येक दिवस फिरत राहतात. सूचना अगदी योग्य होती. तिचे पालन कोण किती करते हे तुम्ही आज संध्याकाळी स्वतः मोजून पाहू शकता.

दृश्यानंतर शब्दांची पाळी. पडद्याच्या तळाशी जी मोठी पट्टी असते, तिला न्यूजरूममध्ये अॅस्टन म्हणतात. तिच्यात ठळक अक्षरांत पाच-सहा शब्द बसतात. 'हिंदमाता परिसरात सकाळी सातच्या सुमारास साचलेले पाणी नऊपर्यंत बहुतांशी ओसरले' हे वाक्य खरे आहे, पण ते पट्टीत मावत नाही. 'मुंबईला पावसाने झोडपले' हे मावते. चौकाचे नाव जाऊन शहराचे नाव येते ते असे, आणि त्यात काही अंशी जागेची अडचणही असते, हे मी आमच्या बचावासाठी नव्हे तर वस्तुस्थिती म्हणून सांगते. एका शहराला एकच शब्द लावणे किती फसवे असते, याचे सर्वांत बोलके उदाहरण २६ जुलै २००५ चे आहे. त्या दिवशी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि त्याच मुंबईच्या दक्षिण टोकाला कुलाब्यात सुमारे ७३ मिलिमीटर. त्या दिवशी 'मुंबई बुडाली' म्हणणारा आणि 'नेहमीचाच पाऊस आहे' म्हणणारा, दोघेही आपापल्या खिडकीतून पाहून खरेच बोलत होते.

आता पुनरावृत्तीविषयी. तुम्ही लिहिले आहे, की आईंनी तीच दृश्ये दिवसभरात पन्नास वेळा पाहिली असतील. पन्नास हा आकडा मला कमीच वाटतो. यामागचा हिशेब समजून घ्या. दूरदर्शनच्या मुंबई केंद्रावरून संध्याकाळी सात वाजता बातम्या लागत, तेव्हा घर त्या वेळेला टीव्हीसमोर येऊन बसत असे आणि प्रदीप भिडे यांच्यासारखे निवेदक एकदा वाचत ते सर्वांनी एकदाच ऐकलेले असे. मराठीत २००७ मध्ये 'झी २४ तास' आणि 'स्टार माझा' (आजचे 'एबीपी माझा') आल्या आणि बातम्यांची वेळ हा प्रकारच संपला. आता प्रेक्षक केव्हाही येतो आणि काही मिनिटांत निघून जातो, असे गृहीत धरून बुलेटिन बांधले जाते. दर अर्ध्या तासाला रनडाऊन नवा, पण समोरचा माणूस आत्ताच आला आहे, त्याला काहीच ठाऊक नाही, हे गृहीतक तेच. दुकानात गिऱ्हाइकाची वाट पाहणाऱ्याला, सलूनमध्ये पाळी येईपर्यंत बसलेल्याला हे सोयीचे असते. पण तुमच्या आई सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत टीव्ही लावून ठेवतात, कारण घरात दुसरा आवाज नसतो. सात-आठ मिनिटे पाहणाऱ्यासाठी रचलेला कार्यक्रम त्या सहा तास पाहतात, आणि प्रत्येक वेळी 'आत्ताची मोठी बातमी' हे शब्द नव्याने ऐकतात. मला वाटते, त्यांच्या घाबरण्याचे मूळ पाण्यापेक्षाही यात अधिक आहे.

सलूनचा उल्लेख केला त्यावरून एक गोष्ट आठवली. न्यूजरूमच्या भिंतीवर प्रतिस्पर्धी वाहिन्यांचे आठ-दहा टीव्ही ओळीने लावलेले असतात आणि सगळ्यांचा आवाज बंद असतो. त्या मुक्या भिंतीकडे पाहत आम्ही आमचा पडदा ठरवत असू. शेजारच्या वाहिनीने लाल पट्टी लावली की आमच्याकडे तीन मिनिटांत लाल पट्टी लागत असे. तेथे काय बोलले जात आहे हे कोणी ऐकलेलेही नसे. एसटी स्थानकावर, खाणावळीत, बँकेतही टीव्ही बहुधा मुकाच चालतो. त्यामुळे जे कानांनी सांगायचे ते डोळ्यांना सांगण्याची सवय लागली, अक्षरे वाढत गेली, बाण आणि गोल आले, चमकणारी चौकट आली. घरी मात्र तो पडदा आवाजासकट पाहिला जातो, म्हणजे मुक्या खोलीसाठी केलेला आरडाओरडा आणि त्यावर अँकरचा खराखुरा आवाज, असे दुप्पट.

टीआरपीचा भाग आहेच, तो मी नाकारत नाही. देशभरातील पन्नास हजारांहून अधिक घरांत बसवलेल्या मापकांवरून 'बार्क' ही संस्था आकडे काढते आणि ते गुरुवारी येतात. गुरुवारी दुपारी न्यूजरूममधली शांतता ज्याने अनुभवली आहे, त्याला मी काय म्हणते ते कळेल. जाहिरातीचा दर या आकड्यांवर ठरतो. परंतु सगळे खापर तेथे फोडणाऱ्यांना मी एक प्रश्न नेहमी विचारते. ऑक्टोबर २०२० मध्ये टीआरपी गैरव्यवहाराच्या आरोपांनंतर बार्कने वृत्तवाहिन्यांचे आकडे देणे थांबवले आणि ते मार्च २०२२ मध्ये, चार आठवड्यांच्या सरासरीच्या रूपात, पुन्हा सुरू केले. मधल्या सुमारे सतरा महिन्यांत गुरुवारची परीक्षाच नव्हती. मग पडदा शांत झाला का? मी त्या काळात रोज रनडाऊन लावत होते आणि मला तरी तसे दिसले नाही. लाल पट्टी ही तोपर्यंत आमची भाषाच झाली होती, आणि भिंतीवरचे मुके टीव्ही चालूच होते.

त्याहून मोठे कारण मला खर्चाचे वाटते, आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. वार्ताहर, कॅमेरामन, गाडी यांना दिवसभर फिरवून चार नवी ठिकाणे दाखवणे महाग पडते. एका ठिकाणचा लूप लावून त्यावर चार जणांची चर्चा चालवणे स्वस्त पडते. जिल्ह्यांतून बरेचदा स्ट्रिंगर काम करतात, त्यांना बातमीमागे पैसे मिळतात आणि ते स्वतःच्या दुचाकीवर फिरतात. त्यामुळे वाहिन्यांची कार्यालये जेथे आहेत तेथला घोटाभर पाऊस राज्यभर दिसतो आणि तुमच्या आईंच्या गल्लीत आठ दिवस पाणी आले नाही ही बातमी कोठेच दिसत नाही. याची दुसरी बाजू फार वाईट आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. ते बाहेरच्या जगाला कळले, कारण नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला समोर गावच दिसेना. तेथे कोणाचा कॅमेरा असण्याचा प्रश्नच नव्हता. माप दोन्ही बाजूंनी चुकते: जेथे कॅमेरा आहे तेथे बातमी फुगते आणि जेथे नाही तेथे ती उशिरा पोहोचते.

आमच्याकडून सरळसरळ चुकीचे कधी जात नाही, असाही दावा मी करणार नाही. मी काम करत होते त्या एका वाहिनीवर जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात प्रेक्षकाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेली चित्रफीत आम्ही लावली. बेस्टची बस अर्धी पाण्यात. ती तासभर फिरली. मग एका आजोबांनी फोन करून अत्यंत सौम्यपणे विचारले, की मागच्या फलकावर गणेशोत्सवाच्या शुभेच्छा कशा आहेत. आम्ही पाहिले, तर खरेच कोपऱ्यात भलामोठा फलक होता आणि दृश्य कोणत्या तरी मागच्या वर्षीच्या सप्टेंबरचे होते. बारा जणांनी ती चित्रफीत पाहिली होती, सगळ्यांनी फक्त बस पाहिली होती. आम्ही ती काढली. दिलगिरीची ओळ मी रनडाऊनमध्ये टाकली होती, पण ती वेळेअभावी गळाली, आणि ती पुन्हा टाकण्याचा आग्रह मी धरला नाही, याची मला आजही रुखरुख आहे.

कायद्याचे म्हणाल, तर २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या थेट प्रक्षेपणावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात कडक ताशेरे ओढले आणि २०१५ पासून दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना तिचे थेट दृश्य दाखवायला नियमानेच मनाई आहे. पावसाच्या बातमीला असा काही कठोर नियम नाही. एखादे जुने दृश्य ताजे म्हणून दाखवले गेल्याची तुमची खात्री असेल, तर दिनांक, वेळ आणि पडद्याचे छायाचित्र यांसह आधी वाहिनीकडे लेखी तक्रार करावी आणि उत्तराने समाधान झाले नाही, तर ती वाहिनी सदस्य असल्यास वृत्तवाहिन्यांच्याच 'एनबीडीएसए' या स्वनियमन संस्थेकडे जाता येते. 'फार भडक होते' अशा मोघम तक्रारीतून सहसा काही निष्पन्न होत नाही. नेमके दृश्य दाखवून केलेल्या तक्रारीला उत्तर द्यावेच लागते.

आता आईंना काय सांगावे. 'टीव्हीवर सगळे खोटे असते' असे कृपया सांगू नका. एक तर ते खरे नाही, आणि २००५ सारखा दिवस आला तर त्यांनी काळजी करणेच योग्य ठरेल. त्याऐवजी पडदा वाचायच्या दोन-तीन खुणा सांगा. वार्ताहर बोलत असेल तेव्हा फक्त त्याच्याच चौकोनाकडे पाहायचे. त्याचे केस कोरडे आहेत का, मागची वाहने चालत आहेत का, छत्री मिटलेली आहे का? शेजारच्या चौकोनांवर वेळ लिहिलेली नसेल तर ते सकाळचे समजायचे. पट्टीवरचे 'मुंबई' वाचायचे नाही, तोंडी सांगितलेले ठिकाण ऐकायचे. तुम्ही जेथे राहता आणि जेथे काम करता त्या दोन स्थानकांची नावे त्यांना कागदावर लिहून टीव्हीशेजारी लावून द्या, म्हणजे त्यांतले नाव कानावर पडले तरच फोन करायचा. हवामान खात्याचा जो 'पुढील तीन तासांचा' इशारा पट्टीवर येतो, तो किती वाजता दिलेला आहे हे पाहायचे, कारण तीन तास उलटून गेल्यावरही तो बरेचदा तसाच फिरत असतो. आणि दिवसभर वाहिनी लावून ठेवण्याऐवजी दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीचे संध्याकाळी सातचे बातमीपत्र त्यांना रुचते का, ते एकदा पाहा. ते संथ आहे, पण सहा तासांचा घोर लावत नाही.

या सगळ्याबरोबर तुमच्याकडूनही एक गोष्ट लागेल. जोराचा पाऊस असेल त्या दिवशी सकाळी कार्यालयात पोहोचल्यावर आधी त्यांना फोन करा आणि दुपारी दीडच्या सुमारास पुन्हा एकदा. ही वेळ मुद्दाम सांगते आहे, कारण दुपारी दोनला पाळी बदलते, नवा प्रोड्यूसर येतो, नवे काही हाती नसते आणि सकाळचा लूप नव्या पट्टीसह पुन्हा पहिल्या क्रमांकावर चढतो. माझी स्वतःची आई साताऱ्याहून नेमकी त्याच वेळी मला फोन करून 'अगं, घरी कशी जाणार' असे विचारत असे, आणि तिने वाचलेली पट्टी पाच मिनिटांपूर्वी मीच लिहिलेली असे.